सातशे ग्रॅममध्ये दोन हजार मालगाड्या

सातशे ग्रॅम! कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये बसवतात ती ३० टेराबाइटची हार्ड डिस्क तराजूत टाकली, तर काटा साधारण एवढ्यावर थांबतो. आता तिची पणजी पाहू. सप्टेंबर १९५६, म्हणजे आपल्याकडे आयुर्विमा महामंडळ स्थापन झालं तोच महिना. अमेरिकेत आयबीएमने जगातली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तीही शास्त्रज्ञांसाठी नव्हे, कंपन्यांच्या हिशेबासाठी. तिच्या यंत्राचं नाव रॅमॅक. दोन-दोन फुटी ५० तबकड्या, कपाटाएवढं धूड, वजन टनाच्या घरात, हलवायचं तर फोर्कलिफ्ट हवी. यंत्राचं महिन्याचं भाडं सुमारे ३,२०० डॉलर. आणि डिस्कमध्ये मावायचं किती? पावणेचार मेगाबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो. एकच!

मग आपल्या सातशे ग्रॅममध्ये अशा किती पणज्या बसल्या? भागाकार करा. ८० लाख! प्रत्येकी एक टन धरा, ८० लाख टन झाले. ५८ वाघिणींची एक मालगाडी सुमारे चार हजार टन ओढते, म्हणजे नुसत्या वजनाच्या हिशेबाने दोन हजार मालगाड्या लागतील. एक गाडी साडेसहाशे मीटर लांब. या दोन हजार गाड्या एकामागे एक, शेपटीला तोंड लावून रुळावर उभ्या करा. शेवटचा डबा मुंबई सेंट्रलला असेल, तर पहिलं इंजिन मथुरा ओलांडून दिल्लीच्या वाटेला लागलेलं असेल. ही तेराशे किलोमीटरची रांग आज एका हातात मावते!

बरं, ही डिस्क नुसती पडून नसते. आत तबकड्या मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेत असतात. साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीची कडा त्या वेगात ताशी सुमारे १३० किलोमीटरने पळते, रात्रंदिवस, रविवारीसुद्धा. दिवसाला ३,१०० किलोमीटर. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं तर रोज दहा वेळा जाऊन-येऊन! आणि अशा डिस्कची हमी असते पाच वर्षांची. पाच वर्षांत ती कडा छप्पन्न लाख किलोमीटर धावते, म्हणजे चंद्रावर सात वेळा जाऊन परत येते. त्या पळत्या तबकडीवर वाचणारी सुई किती उंचीवरून तरंगते? आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीचे दहा हजार भाग करा, त्यातल्या एका भागाहूनही कमी. या उंचीवर चंद्राच्या सात वाऱ्या!

एवढं पळाल्यावर कधीतरी दम लागणारच. मोठ्या संख्येने वापरलेल्या डिस्कचा अनुभव असा, की वर्षाला शंभरातली एक-दीड मरते. तुमच्या दुकानात एकच डिस्क असेल तर हे जाणवतही नाही. पण एका इमारतीत एक लाख डिस्क असतील तर? वर्षाला दीड हजार. दिवसाला चार! म्हणजे रोज सकाळी कुणीतरी ट्रॉलीवर नव्या डिस्क घेऊन रॅकांच्या बोळातून निघतो, नारिंगी दिवा लागलेला खण शोधतो, खटका दाबून मेलेली डिस्क बाहेर ओढतो, नवी आत सरकवतो. सर्व्हर चालूच. ज्या कंपनीचा हिशेब त्या डिस्कवर होता, तिच्या कारकुनाला पत्ताही नसतो. मग नवी डिस्क भरायला लागते, आणि इथे एक गंमत आहे. टाकी प्रचंड झाली, नळ मात्र त्या मानाने वाढला नाही. सेकंदाला पावणेतीनशे मेगाबाइटच्या धारेने ३० टेराबाइट भरायला तीस तासांहून जास्त लागतात. तेवढा वेळ त्या मजकुराच्या उरलेल्या प्रतींवर भिस्त. म्हणून जाणकार एका प्रतीवर कधीच झोपत नाहीत. ॲमेझॉनची साठवण सेवा स्वतःचा आकडा असा सांगते: एक कोटी फायली आमच्याकडे ठेवा, सरासरीने दहा हजार वर्षांत एक हरवेल. दहा हजार वर्षं! अजिंठ्याचं पहिलं लेणं खोदलं त्याला बावीसशे वर्षं झाली असतील. त्याच्या साडेचारपट काळात एक फाइल!

आता वेळेकडे वळू, कारण खरी भोवळ तिथे आहे. ऑफिसातला साधा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके देतो. एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम दहा सेंटीमीटर जातो. वीत भरायच्या आत पुढचा ठोका! हे डोक्यात बसत नाही, म्हणून आपण घड्याळ ताणू. एक ठोका म्हणजे एक सेकंद असं समजू, आणि प्रोसेसरला एक आकडा हवा आहे असं धरू. तो रॅममध्ये असेल तर पाच मिनिटांत हाती येतो, कोपऱ्यावरून चहा यावा तसा. एसएसडीवर असेल तर साडेतीन दिवस. फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर? ३४७ दिवस! या आषाढीला पाठवलेला माणूस पुढच्या आषाढीच्या तोंडावर आकडा घेऊन परततो. आणि तोच आकडा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरमध्ये असेल तर जाऊन-येऊन १९ वर्षं. निरोप धाडला तेव्हा पाळण्यात असलेलं पोर उत्तर येईपर्यंत कॉलेजात! बँका आणि मोठ्या कंपन्या रॅमवर पाण्यासारखा पैसा का ओततात, सर्व्हर देशातच, शहराजवळच का मागतात, ते या ताणलेल्या घड्याळावर लख्ख दिसतं.

चिपच्या आत डोकावू. १९७१ साली इंटेलने ४००४ ही चिप काढली, तिच्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते. आजच्या एनव्हिडियाच्या ब्लॅकवेल चिपमध्ये आहेत २०,८०० कोटी. सेकंदाला एक असे मोजायला बसलात, जेवणखाण-झोप सोडून, तर साडेसहा हजार वर्षं लागतील. आणि अशा ७२ चिपा एका कपाटात बसवतात! त्या एका कपाटातले ट्रान्झिस्टर २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राला वाटले, तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळ्यांना, तर माणशी १ लाख ३३ हजार येतील.

हे कपाट वीज किती खातं? सुमारे १२० किलोवॉट. शेतकऱ्याला हा आकडा लगेच कळेल: पाच एचपीची मोटर पावणेचार किलोवॉट घेते. म्हणजे एका कपाटात ३२ मोटरी एकदम सुरू! बत्तीस विहिरींवरचं पाणी उपसणारी ताकद दीड-दोन हात रुंदीच्या जागेत, आणि ती सगळी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. वारा घालून ती विझत नाही, म्हणून चिपच्या पाठीवरून थेट द्रव फिरवावा लागतो. आतल्या चिपा एकमेकींशी बोलाव्यात म्हणून पाच हजारांवर तांब्याच्या तारा, एकूण लांबी तीन किलोमीटरच्या पुढे. एवढी तार, आणि ती सगळी एका कपाटात!

कपाटातून इमारतीकडे जाऊ. पनवेलला २०२० साली योट्टाची एनएम१ ही इमारत सुरू झाली. ७,२०० रॅक, सव्वाआठ लाखांच्या आसपास चौरस फूट, वीज ५० मेगावॉट. ५० मेगावॉट म्हणजे किती? तिथून घाटाकडे निघालं की खोपोली लागतं. १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवू लागलेलं टाटांचं जलविद्युत केंद्र तिथे आहे, आजची क्षमता ७२ मेगावॉट. घाटावरून कोसळणारं ते पाणी, ते नळ, ती टर्बाइनं, सगळं पूर्ण ताकदीने फिरलं तर त्यातला दोन तृतीयांशाहून मोठा घास या एका इमारतीचा! पूर्ण भार असेल तर दिवसाला १२ लाख युनिट. महिन्याला १२० युनिट जाळणारं घर धरा, तीन लाख घरं झाली. नाशिकएवढ्या शहराची घरगुती वीज! युनिटला आठ रुपये धरले तरी बिल रोजचं ९६ लाख रुपये.

पाण्याचंही ऐका. सगळ्याच इमारती पाण्याने थंड होत नाहीत, काही ठिकाणी हवेवरचे चिलर असतात. पण पाणी उडवून गारवा करणारी याच आकाराची इमारत घेतली आणि युनिटमागे पावणेदोन लिटर धरलं, तर दिवसाला २१ लाख लिटर लागेल. सोळा फूट व्यासाची विहीर, तीत बत्तीस फूट पाणी, म्हणजे सुमारे एक लाख ऐंशी हजार लिटर. अशा बारा विहिरी रोज तळापर्यंत कोरड्या! उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या राज्यात हा आकडा मला सगळ्यात जास्त खुपतो. नवी इमारत कुठे उभी राहते, तिला कुठलं पाणी देतात, सांडपाणी शुद्ध करून वापरतात का, हे विचारायलाच हवं.

आणि वीज गेली तर? आधी बॅटऱ्या भार उचलतात. दहा-पंधरा सेकंदांत जनरेटर धडधडतात. ५० मेगावॉटला तासाला तेरा हजार लिटर डिझेल! लिटरला पंधरा किलोमीटर देणारी मोटार या एका तासाच्या डिझेलवर मुंबईहून पुण्याला तेराशे वेळा जाईल. हे कधी कामाला येतं, ते मुंबईने पाहिलं आहे. १२ ऑक्टोबर २०२०, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, माणसं रुळांवर उतरून चालू लागली. शेअर बाजार मात्र चालूच राहिला.

इमारती एकमेकींशी बोलतात त्या तारा समुद्राच्या तळाशी आहेत. २०२३ अखेर भारताच्या किनाऱ्याला आंतरराष्ट्रीय समुद्री केबल लागत होत्या अवघ्या १७, आणि त्यांतल्या बहुतेक मुंबईत, वर्सोव्याच्या आसपास. दीडशे कोटींच्या जवळपास लोकांचा देश आणि बोटांवर मोजाव्या इतक्या केबल! खोल समुद्रात केबलची जाडी बागेला पाणी घालायच्या पाइपाएवढी, आत केसासारखे काचेचे धागे. सिंगापूरपासून फ्रान्सपर्यंत जाणारी सी-मी-वी ६ घ्या. दहा जोड्या धागे, सेकंदाला १२६ लाख कोटी बिट्स पेलतील अशी आखणी. मघाची ३० टेराबाइटची डिस्क आठवते? जी भरायला तीस तासांवर लागत होते? ही केबल तेवढा मजकूर दोन सेकंदांत पलीकडे नेते! आणि ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या किनाऱ्याजवळ अशा दोन केबल तुटल्या, तेव्हा भारताची बाहेर जाणारी जवळपास निम्मी क्षमता गेली.

हे सगळं लोखंड-तांबं-काच. त्यावर चालणारा मजकूर तर हातात धरता येत नाही, पण मोजता येतो. जगातले बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती दहा हजार ओळींची होती. पानाला पन्नास ओळी धरल्या तर दोनशे पानांची कादंबरी. आज तिथे चार कोटी ओळी आहेत. आठ लाख पानं, हजार पानांचे आठशे खंड! मराठी विश्वकोशाच्या वीस खंडांशेजारी मांडले तर चाळीस विश्वकोश. आणि यातली एखादी खूण चुकली तर यंत्र थांबू शकतं.

किती यंत्रं थांबू शकतात? १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोजच्या यंत्रांवर एक छोटीशी फाइल पाठवली. आपल्या घड्याळात सकाळी ९.३९ ला ती सुटली, १०.५७ ला मागे घेतली. अठ्ठ्याहत्तर मिनिटं. तेवढ्यात ८५ लाख यंत्रं निळा पडदा दाखवून आडवी झाली, मिनिटाला लाखाच्या वर! आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आणि दुरुस्तीचा मूळ मार्ग कोणता? यंत्रापुढे बसा, सेफ मोडमध्ये चालू करा, ती फाइल शोधा, पुसा, पुन्हा चालू करा. एका यंत्राला पंधरा मिनिटं धरू. ८५ लाख यंत्रांना एकट्या माणसाला न थांबता २४२ वर्षं लागतील. जुलै २०२४ ला काम संपवायचं तर त्याला १७८२ साली बसावं लागलं असतं, सालबाईचा तह झाला त्या वर्षी! जगभरच्या ऑफिसांमधल्या आयटीवाल्या पोरांनी यातला मोठा भाग काही दिवसांत उरकला. त्यांचे पुतळे कुठे उभारत नाहीत, पण मला विचाराल तर त्या आठवड्याचे वीर तेच.

आता पैशाकडे वळू आणि वेग वाढवू. भाजीच्या गाडीवर तुम्ही क्यूआर स्कॅन केलात. निरोप तुमच्या बँकेत, तिथून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयमध्ये, तिथून भाजीवाल्याच्या बँकेत, आणि उलट परत. खात्री पटेपर्यंत दोन-चार सेकंद. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर असे व्यवहार झाले २,००१ कोटी. दिवसाला साडेचौसष्ट कोटी. सेकंदाला सरासरी साडेसात हजार! रक्कम महिन्याला २४ लाख ८५ हजार कोटी रुपये, म्हणजे दिवसाला ८० हजार कोटी. पाचशेच्या नोटा करा: १६० कोटी नोटा. नोटेची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. आता ही चळत उभी न रचता रस्त्यावर आडवी लावू, नोटेला नोट चिकटवून. १६० किलोमीटर! मुंबईपासून पुण्यापर्यंत पाचशेच्या नोटांची अखंड चळत, मध्ये बोट घालायला जागा नाही, आणि ती रोज नवी. वाहून न्यायची तर दहा टनी १६० ट्रक, दररोज!

दर सेकंदाला ९३ लाख रुपये. हे लक्षात ठेवा आणि मग नऊचे आकडे वाचा. '९९.९ टक्के वेळ चालू' असं कुणी सांगितलं तर ऐकायला केवढं भारी वाटतं! वर्षाला पावणेनऊ तास बंद. एवढा वेळ हा ओघ अडला तर २९ हजार कोटी रुपये जागीच थांबतील. म्हणून पाच नऊ मागतात, ९९.९९९. वर्षात सव्वापाच मिनिटं. तेवढ्यातही २९३ कोटी अडतात! दशांश चिन्हाच्या उजवीकडचा एक-एक नऊ मिळवायला दुसरी इमारत, दुसऱ्या शहरातली तिसरी, दुप्पट तारा, दुप्पट माणसं लागतात. या सगळ्या खटाटोपातला सर्वांत महाग अंक म्हणजे तो शेवटचा नऊ.

यूपीआयला २,००१ कोटी व्हायला महिना लागला. तेवढंच जवळपास एका दिवसात झालं तर? झालं आहे! ५ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दुसरा दिवस. आदल्या दिवशी बाजार कोसळला होता, त्या दिवशी उसळला. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या यंत्रणेवर सव्वानऊ ते साडेतीन या सव्वासहा तासांत १,९७१ कोटी ऑर्डर आल्या. एक्स्चेंजने जाहीर केलं, हा जागतिक विक्रम. सेकंदाला ८ लाख ७६ हजार! म्हणजे दर मायक्रोसेकंदाला जवळजवळ एक. मघाच्या ताणलेल्या घड्याळातसुद्धा दोन ऑर्डरींमध्ये तासभर नाही, आणि रॅमची एक खेपच पाच मिनिटांची.

एकेक ऑर्डर एकेका कागदावर लिहू. नोटेएवढाच पातळ कागद. त्याच रीतीने रुळावर चळत लावू. सव्वानऊला मुंबईच्या सीएसएमटीवर पहिला कागद ठेवला. चळत वाढू लागली, सेकंदाला ८७ मीटर! ठाणे मागे पडलं, कसारा घाट मागे पडला, नाशिक गेलं. ताशी ३१५ किलोमीटर, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ठरलेला वेग ३२० आहे. भुसावळ, अकोला, नागपूर गेलं, महाराष्ट्र संपला, छत्तीसगड संपलं. साडेतीनला घंटा झाली तेव्हा चळत १,९७१ किलोमीटर होती. सीएसएमटी ते हावडा, नागपूरमार्गे, १,९६८ किलोमीटर. हावडा स्टेशन ओलांडून तीन किलोमीटर पुढे!

गुरुवारी ६ जूनला बाजार नेहमीप्रमाणे सव्वानऊला उघडला.